पाळी गेल्यावर स्मरणशक्तीसाठी वनस्पतींचे अर्क: कोणी स्वतः घेतलेत का?

कोरी_पाटी

वय ५४. पाळी बंद होऊन सव्वादोन वर्षं झाली. २६ वर्षं मुद्रितशोधनाचं काम करतेय, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका पकडण्यावरच माझं पोट आहे. गेल्या दीडेक वर्षात मात्र शब्द दगा द्यायला लागलेत. परवा शेजारच्या टेबलावरच्या मुलाला म्हटलं, "अरे, ते दे ना जरा, ते... कागदांना टाचण्या मारायचं." स्टेपलर! शब्द आठवेपर्यंत तो पोरगा ते माझ्या हातात देऊन पुन्हा कामालाही लागला होता. हसून वेळ मारून नेली. त्याच संध्याकाळी एका पुस्तकाचं पान ११८ तपासलंय की नाही ते आठवेना, म्हणून वाचायला घेतलं, तर समासात माझ्याच अक्षरातल्या लाल खुणा. सकाळीच केलेल्या. केल्याची काडीचीही आठवण नाही.

एवढं मनाला लावून घ्यायचं कारण माझी आई. ७४व्या वर्षी तिची सुरुवात शब्द हरवण्यानेच झाली. ७९व्या वर्षी मी तिचे केस विंचरत होते तेव्हा तिने फार अदबीने विचारलं, "तुम्ही रोज येता का इकडे?" मी हो म्हटलं आणि वेणी पुरी केली.

तर धाकट्या बहिणीने काळजीने एक बाटली पाठवलीय. एका कॅप्सूलमध्ये पाच गोष्टी: गिंको (एक चिनी झाड), ब्राह्मी, अश्वगंधा, सोयाचे आयसोफ्लेव्होन आणि हळदीचा अर्क. पुढे 'पाळीनंतर मेंदूचं संरक्षण' आणि मागे 'प्रोप्रायटरी ब्लेंड ६०० मिग्रॅ'. कशाचं प्रमाण किती, त्याचा पत्ता नाही. शिवाय लेबलवर सुट्या 'स्मृती'ला पहिली वेलांटी दिलीय. माझा अर्धा विश्वास तिथेच उडाला, पण उरलेला अर्धा अजून शाबूत आहे. म्हणून विचारते: यातल्या कशाचा खरंच उपयोग होतो का? सध्या सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी आणि डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन ७५ एवढंच चालू आहे. बाकी काही नाही.

---

शंकेखोर

कॅप्सूल फोडून कुंडीत टाका. झाडाला उपयोग झाला तर कळवा. पन्नाशीनंतर सगळेच विसरतात, मीही विसरतो, आणि मला कधी पाळी आली नव्हती.

---

कोरी_पाटी

शंकेखोर, तुम्ही कालच्याच दुसऱ्या धाग्यावर हाच विनोद केला होतात. हे मला बरोबर आठवतंय.

---

साखरझोप

ताई, मी नुसती ब्राह्मी घेतलीय, चार महिने. मिश्रण नाही. वय ५७. तेव्हा तुमच्यासारखीच घाबरले होते. स्वभावाने हिशेबी, म्हणून वही केली. दर रविवारी मुलगी मला नवे १५ शब्द वाचून दाखवायची. मग २० मिनिटं मी कपड्यांच्या घड्या घालायची आणि त्यानंतर आठवतील तेवढे शब्द लिहायची. सुरुवातीला ६, फार तर ७. बाराव्या आठवड्यापर्यंत ९-१० वर गेले. मी हवेत!

पण पूर्ण सांगते. औषध थांबवलं तरी मुलीने चाचणी चालू ठेवली (तिला मजा यायला लागली होती). दोन महिन्यांनंतरही आकडा ९. मग मुलगीच म्हणाली, "आई, तू आता शब्दांच्या गोष्टी करतेस. 'छत्री, न्हावी, तांबं' म्हटलं की छत्री घेऊन न्हाव्याकडे निघालेला तांब्याचा पुतळा." खरंच होतं ते. आता ब्राह्मीने वाढले की युक्तीने, देव जाणे.

त्रास म्हणाल तर पहिले दहा दिवस पोट. दिवसातून तीनदा पळावं लागायचं. जेवणानंतर घ्यायला लागल्यावर थांबलं. चव विचारू नका, कॅप्सूल असून ढेकर कडू.

---

जुना_औषधवाला

रुग्णालयाच्या औषधविभागात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण बाटल्यांविषयी बोलू शकतो.

आधी साखरझोप यांच्या वहीबद्दल. त्यांना जी शंका आली, तीच या क्षेत्रातली सगळ्यात मोठी अडचण आहे. तीच चाचणी पुन्हा पुन्हा दिली की माणूस सुधारतो, काही न घेताही. म्हणून अर्धे लोक खऱ्या कॅप्सूलवर, अर्धे तशाच दिसणाऱ्या पोकळ कॅप्सूलवर, आणि कोणाला काय मिळालं हे कोणालाच माहीत नाही, अशी तुलना करावी लागते. गंमत म्हणजे स्त्रियांच्या आयुष्यातल्या या वळणाबद्दलची एक चांगली माहिती याच सरावाच्या परिणामातून मिळाली. अमेरिकेतल्या 'स्वॅन' या दीर्घ अभ्यासात २,३६२ स्त्रियांच्या चाचण्या चार वर्षं घेतल्या आणि निष्कर्ष २००९ साली आले. एरवी प्रत्येक खेपेला गुण वाढायला हवेत. पाळी अनियमित होण्याच्या काळात ते तसे वाढेनात. पाळी पूर्ण गेल्यानंतर मात्र शिकण्याचा वेग पुन्हा पहिल्यासारखा झाला. म्हणजे त्या स्त्रियांचे शब्द हरवत होते हे मनाचे खेळ नव्हते, आणि ती उताराची सुरुवातही नव्हती.

आता तुमच्या बाटलीतली पाच नावं.

गिंकोवर सगळ्यात मोठं काम झालंय, आणि सगळ्यात निराशाजनकही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ७५च्या पुढचे ३,०६९ लोक होते. पानांचा प्रमाणित अर्क १२० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, सरासरी सहा वर्षं. स्मृतिभ्रंश झाला तो गिंको घेणाऱ्यांत २७७ जणांना आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांत २४६ जणांना. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने योगायोगाचा, म्हणजे गिंकोने बिघडलं असंही नाही, पण वाचवलं असं तर मुळीच नाही. फ्रान्समध्ये विस्मरणाची तक्रार घेऊन आलेल्या सत्तरीपुढच्या २,८०० हून अधिक लोकांवर पाच वर्षं हेच करून पाहिलं. २०१२ साली तिथूनही तेच उत्तर आलं. शिवाय तुम्ही अ‍ॅस्पिरिनवर आहात. गिंकोने रक्तस्राव वाढण्याची शक्यता धरून चालतात, शस्त्रक्रियेआधी तो बंद करायला लावतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल तोंडात टाकू नका.

सोयाचं तर्कशास्त्र ऐकायला फार सुरेख आहे. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झालं, मेंदूत स्मरणाच्या भागात त्याचे ग्राही (ते जिथे चिकटून काम करतं त्या जागा) असतात, आणि आयसोफ्लेव्होनचा रेणू त्या ग्राहींना चिकटू शकतो. म्हणून सोया द्या. नेदरलँड्समध्ये ६० ते ७५ वयाच्या २०२ स्त्रियांना वर्षभर रोज ९९ मिग्रॅ आयसोफ्लेव्होन असलेलं सोया प्रथिन दिलं. स्मरणशक्तीत फरक नाही (२००४). पुढे अमेरिकेत ३५० स्त्रियांवर अडीच वर्षं चाचणी चालली. एकूण आकलनात फरक नाही, फक्त चेहरे-चित्रं लक्षात ठेवण्यात किंचित सुधारणा (२०१२). त्यात आणखी एक खोच. आतड्यातले काही जिवाणू सोयातल्या एका घटकापासून इक्वॉल नावाचं जास्त प्रभावी द्रव्य बनवतात, पण ते जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. पाश्चात्त्य देशांत पंचवीस ते तीस टक्के लोकांत, पूर्व आशियात निम्म्याहून जरा जास्त लोकांत. म्हणजे एकच कॅप्सूल दोघी बहिणींनी घेतली तरी आत दोन वेगळी औषधं तयार होऊ शकतात. तुमच्यापुरतं सांगायचं तर सोया थायरॉइडच्या गोळीचं शोषण कमी करू शकतं, त्यामुळे दोन्हींत काही तासांचं अंतर हवं.

अश्वगंधा तुम्ही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. ती थायरॉइडची पातळी वर नेऊ शकते. म्हणजे तुमच्या गोळीचा बसलेला डोस विस्कटणार, आणि मग धडधड नि निद्रानाशाचं खापर वयावर फुटणार. यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणं नोंदलेली आहेत. हळदीच्या जोरदार अर्काबाबतही यकृताचं तेच. स्वयंपाकातली हळद वेगळी आणि शोषण वाढवलेला अर्क वेगळा. हळदीच्या बाजूने २०१८ सालची एक छोटी चाचणी आहे: ४० माणसं, दीड वर्ष, कर्क्युमिन या हळदीतल्या द्रव्याचं खास शोषलं जाणारं रूप. स्मरणात सुधारणा दिसली. पण ४० माणसांवर मी कोणाला बाटली विकत घ्यायला सांगणार नाही.

उरली ब्राह्मी. पाचांत हिचीच बाजू थोडी जड. साधारण ३०० मिग्रॅ अर्क, १२ आठवडे, अशा काही चाचण्यांत ऐकलेले शब्द मागाहून आठवण्यात फरक पडला. त्यातली एक ६५ च्या पुढच्या ५४ जणांवरची, २००८ सालची. दुसरी ५५ च्या पुढच्या ९८ जणांवरची, २०१० सालची. पोटाची तक्रार तिथेही होतीच, साखरझोप यांच्यासारखीच. पण बारा आठवड्यांत चार शब्द जास्त आठवणं आणि वीस वर्षांनी मुलीला ओळखणं या दोन गोष्टींत फार अंतर आहे. दुसऱ्या गोष्टीबद्दल या चाचण्या काही सांगत नाहीत.

घ्यायचीच असेल तर नाव नीट वाचा. ब्राह्मी या नावाखाली दोन वनस्पती विकल्या जातात. चाचण्या झाल्या त्या बकोपा मोनिएरीवर, म्हणजे नीरब्राह्मीवर: जाडसर बारीक पानं, पांढरट फुलं, पाणथळ जागी पसरणारी. दुसरी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी: गोल, कातरलेल्या कडेची पानं. कुळंसुद्धा वेगळी. लेबलवर शास्त्रीय नाव नसेल तर तुम्ही नेमकं काय घेताय हे बाटली बनवणाऱ्यालाच माहीत. टक्केवारीवरही भाळू नका. बॅकोसाइड्स, म्हणजे ब्राह्मीतली मुख्य द्रव्यं, मोजायच्या एका ढोबळ पद्धतीने ५० टक्के भरणारा अर्क नेमक्या पद्धतीने मोजला की कितीतरी खाली येतो. आणि '१०:१' याचा अर्थ फक्त एवढाच की दहा किलो वाळलेल्या पाल्यातून एक किलो अर्क काढला. पाला कसा होता ते त्यात येत नाही.

वनस्पतींवर माझा राग नाही, हो. अल्झायमरवर दिलं जाणारं गॅलॅन्टामीन मुळात स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडाच्या कुळातून आलं. पण त्याचा एकच रेणू वेगळा केला, मिलिग्रॅममध्ये मोजला, दुष्परिणाम लिहून काढले आणि मग २००१ साली अमेरिकेत परवाना मिळाला. तेही आजार थांबवत नाही, लक्षणं काही काळ सावरतं.

शेवटी एक प्रश्न. "बाकी काही नाही" असं तुम्ही लिहिलंय. काउंटरवर हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. रात्री झोपताना काय घेता?

---

कोरी_पाटी

औषधवाले काका, तुम्ही काउंटरच्या आतून बघताय की काय!

घेते. पाळी गेल्यावर रात्री अंगातून वाफा यायच्या, मानेखालची उशी ओली व्हायची, दोन-तीनदा उठून कपडे बदलायचे. त्यातच अंगावर पित्त उठलं म्हणून अ‍ॅलर्जीची एक गोळी मिळाली होती. तिने गाढ झोप लागली. पित्त गेलं, गोळी राहिली. ती 'औषध' म्हणून माझ्या डोक्यात नव्हतीच, झोपेची सोय म्हणून होती. चौदा महिने झाले. आत्ता उठून पट्टीवर नाव वाचलं: हायड्रॉक्सिझीन २५.

---

जुना_औषधवाला

ही तुमच्या बाटलीपेक्षा महत्त्वाची. मेंदूत आठवणी बांधायला अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन लागतं. जुन्या पिढीच्या झोप आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या त्यालाच अडवतात. स्मृतिभ्रंशावरची बरीच औषधं नेमकं उलट करतात, तेच रसायन टिकवून धरतात. म्हणजे एका हाताने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्या हाताने ब्राह्मी घ्यायची, असं चाललं असतं. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या ३,४३४ लोकांच्या नोंदी पाहिल्या, तर अशी औषधं दीर्घकाळ जास्त प्रमाणात घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश जास्त आढळला (२०१५). हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, आणि तुम्ही त्या वयाच्याही नाही. घाबरू नका. पण डॉक्टरांना पट्टी दाखवा आणि बंद कशी करायची ते विचारा. काही दिवस झोप उडेल, खाजही परत येऊ शकते. आणि एवीतेवी रक्त काढणारच असाल तर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२ जीवनसत्त्व दोन्ही बघायला सांगा.

---

दुसरा_डाव

मधेच तोंड घालते. वाफा एवढ्या होत्या तर हार्मोन का नाही घेतले? माझ्या मैत्रिणीला डोकंसुद्धा लख्ख झाल्यासारखं वाटलं.

---

जुना_औषधवाला

झोप लागली की डोकं लख्ख होतंच. वाफांसाठी ते चांगलं औषध आहे, योग्य व्यक्तीला, योग्य वेळी. पण स्मृतिभ्रंश टळावा म्हणून देत नाहीत. २००३ साली ६५ आणि त्यापुढच्या ४,५३२ स्त्रियांच्या चाचणीचे आकडे आले: इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन ही हार्मोनं घेणाऱ्यांत ४० जणींना स्मृतिभ्रंश, पोकळ गोळीवाल्यांत २१ जणींना. नुकतीच पाळी गेलेल्या स्त्रियांवर पुढे चार वर्षं चाचणी झाली, त्यात आकलनाला फायदाही दिसला नाही आणि तोटाही नाही (२०१५). अ‍ॅस्पिरिन कशासाठी चालू आहे त्यावरही या ताईंचं उत्तर ठरेल. ते त्यांच्या डॉक्टरांनी बघायचं.

---

शंकेखोर

माझ्याही घरी ही गोळी आहे. मी दर हिवाळ्यात घेतो. विनोद मागे.

---

कोरी_पाटी

सात आठवड्यांनी लिहितेय, धागा वर काढल्याबद्दल माफी.

डॉक्टरांनी पट्टी बघितली आणि "ही मी दिली होती?" असं विचारलं. दिली होती, दहा दिवसांसाठी. आधी अर्धी, मग एकाआड एक, मग बंद. पहिला आठवडा भयानक गेला, पहाटे तीनला छताकडे बघत पडायचे. बी-१२ आलं १६८, म्हणजे कमीच. त्याची इंजेक्शनं चालू आहेत. टीएसएच ठीक. वाफांसाठी हार्मोनऐवजी दुसरं काही देऊन बघू म्हणाले, ते अजून ठरतंय. आईचं सगळं सांगितलं तेव्हा एक छोटी स्मरणचाचणीही घेतली: घड्याळ काढा, पाच शब्द सांगा, शंभरातून सात सात वजा करत जा. घड्याळ आणि शब्द जमले, वजाबाकीत ८६ वर अडकले. पण वजाबाकीत मी चौथीतही अडकायचे.

साखरझोपताई, तुमची वहीची कल्पना उचलली. ती छत्री-न्हाव्याची युक्ती करायची नाही असं ठरवून. पाच, सहा, पाच, आठ, सात. आठ आले ते गोळीमुळे, इंजेक्शनमुळे, की त्या रविवारी नीट झोपले होते म्हणून, मला सांगता येणार नाही. तीन गोष्टी एकदम बदलल्या ना. काका रागावतील.

बाटली बहिणीला परत केली. ती फुगून बसलीय. तिचीही पाळी आता मागेपुढे होतेय आणि ती स्वतः तीच कॅप्सूल घेतेय, हे तेव्हा कळलं. तिला विचारलं, बाकी काय घेतेस? म्हणाली, "काही नाही गं."

उद्या तिच्याकडे जातेय. तिचा औषधांचा डबा टेबलावर ओतायला लावणार आहे.